खडीचा वाफा पुन्हा पुन्हा तुंबतोय? खडी धुण्याआधी टाकीत काठी घालून बघा

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. लहान गावाचं सांडपाणी स्वच्छ होण्यासाठी सेप्टिक टाकीतून खडी भरलेल्या वाफ्यात सोडलेलं असतं, वर पाणकणीस, कर्दळ किंवा बोरू लावलेला असतो. पहिली दीड-दोन वर्षं वाफा वरून कोरडा दिसतो, म्हणजे दिसायला हवा तसाच. पाणी खडीच्या पोटातून वाहतं, वाफ्यावर चालून आलं तरी चप्पल भिजत नाही. मग एक दिवस पाणी आत येतं त्या टोकाला काळपट डबकं दिसतं. महिन्याभरात ते दोन-तीन मीटर पुढे सरकतं, कुजक्या अंड्याचा वास सुटतो, डास होतात आणि वारा ज्यांच्या घराकडे वाहतो ते तक्रार घेऊन येतात. मजूर लावून वरची खडी उपसली जाते, धुतली जाते, परत भरली जाते. वाफा बरा होतो. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तेच डबकं, त्याच जागी.

मी अशी खडी तीनदा धुतली आहे. पहिल्यांदा वाटलं, खडीच खराब आली होती, त्यात बारीक चुरा फार होता. दुसऱ्यांदा झाडांच्या मुळांवर खापर फोडलं. तिसऱ्यांदा मात्र जे काळं, चिकट निघत होतं ते घमेल्यात घेऊन नीट बघितलं. त्यात केस होते, कपड्यांचे धागे होते, फळांच्या बिया होत्या. हे काही खडीत तयार होत नाही. जे टाकीच्या तळाशी बसून राहायला हवं होतं, ते उठून इथवर आलं होतं. टाकीचं झाकण उघडलं तर गाळ आउटलेटच्या तोंडाला टेकलेला. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं जे म्हणतात ते मी मजुरीसकट तीन वेळा करून बसलो होतो.

म्हणून हा लेख खडीपासून सुरू न होता उलट्या दिशेने जाईल. पण त्याआधी एक पंधरा मिनिटांची तपासणी, कारण कधी कधी प्रकरण फारच साधं निघतं.

पाणी नक्की कुठे अडलंय?

वाफ्याच्या लांबीवर तीन ठिकाणी, म्हणजे सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, भोकं पाडलेला एकेक उभा पाइप खडीत तळापर्यंत रोवलेला असेल तर उत्तम. नसेल तर हातमोजे घालून तीन ठिकाणी हातभर खोल खड्डा करा आणि पाणी खडीच्या वरच्या पृष्ठभागापासून किती खाली आहे ते मोजा. चांगल्या चालणाऱ्या वाफ्यात ते साधारण ५ ते १० सेंटिमीटर खाली असतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फारसं बदलत नाही.

तिन्ही ठिकाणी पाणी सारखंच वर आलेलं दिसलं तर वाफा तुंबलेलाच नाही, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आउटलेटच्या चेंबरमध्ये बघा. तिथे फिरवता येणारा बेंड किंवा वरखाली होणारा पाइप असतो, वाफ्यातली पातळी त्यावर ठरते. एका ठिकाणी आम्ही दिवसभर डोकं खाजवलं आणि शेवटी कळलं की कडक उन्हात झाडं सुकू नयेत म्हणून कुणीतरी भल्या मनाने तो बेंड वर फिरवला होता आणि खाली करायला विसरला होता. बेंड बरोबर असेल तर आउटलेटच्या पाइपात मुळं शिरली आहेत का ते बघा. लांब तार घातली की कळतं.

सुरुवातीला पाणी वर तरंगतंय, पण दोन-तीन मीटर पुढे ते एकदम खाली गेलंय आणि शेवटाला सगळं व्यवस्थित आहे, असं असेल तर ही खरी तुंबण. हीच नेहमी दिसते. बाहेर पडणारं पाणी बघून मात्र फसू नका. डबक्यातलं पाणी वरून वाहत पुढे जाऊन मोकळ्या खडीत शिरतं, त्यामुळे आउटलेटला ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं आणि 'प्रकल्प चालू आहे' अशी नोंद होत राहते. बाहेरचं पाणी दुधी, पांढुरकं दिसत असेल तर तीही खूण धरा. वाफ्यात हवा पोचत नाही, सल्फाइड तयार होतंय, आणि बाहेर येऊन हवा लागल्यावर त्याचं बारीक गंधक होतंय, असा त्याचा अर्थ बहुधा असतो.

बाटली आणि काठी

टाकीतून वाफ्याकडे जाणाऱ्या पाइपावर जो चेंबर असेल, तिथून एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घ्या. एक बाटली सकाळच्या गर्दीच्या वेळी, एक दुपारी सामसूम असताना. दोन्ही तासभर हलवू नका. प्रयोगशाळेत यासाठी खाली निमुळता होत जाणारा, खुणा केलेला काचेचा शंकू वापरतात. त्याला इमहॉफ शंकू म्हणतात, जर्मन अभियंते कार्ल इमहॉफ यांच्या नावावरून. तो मिळाला तर चांगलंच, नाहीतर बाटलीवर भागतं. तळाशी जेमतेम पातळ पापुद्रा बसला तर टाकी आपलं काम करते आहे. शंकूत हा साका लिटरमागे अर्ध्या मिलिलिटरच्या आत असला की मी निर्धास्त असतो. तो सतत एक मिलिलिटरच्या वर दिसू लागला की वाफ्याचे दिवस भरत आले असं समजा. सकाळची बाटली गढूळ आणि दुपारची साफ असेल तर गाळ अजून काठावर आहे, फक्त जोराच्या प्रवाहात उचलला जातोय. दोन्ही गढूळ असतील तर टाकी भरली.

आता काठी. टाकीच्या खोलीपेक्षा लांब बांबू किंवा पाइप घ्या, खालच्या दीड मीटरला पांढरं जाड कापड घट्ट गुंडाळा, झाकणातून सरळ तळापर्यंत घाला, पाच मिनिटं तशीच धरा आणि हळू वर काढा. वर पाण्याचा भाग नुसता ओला निघतो आणि गाळाचा भाग काळा. काळ्या पट्ट्याची उंची मोजा. वरची साय, म्हणजे तरंगणारा घट्ट थर, मोजायला काठीच्या टोकाला आडवी फळी ठोका. ती साय फोडून खाली न्या आणि वर ओढा. फळी सायीच्या बुडाला अडली की हाताला कळतं. दोन्ही मापं आउटलेटच्या जवळ घ्या, कारण इनलेटजवळ ढीग जास्त असतो आणि उगाच घाबरायला होतं.

गाळ आणि साय मिळून पाण्याच्या एकूण खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसायची. निम्म्यावर गेली असेल तर उशीर झालाय. टाकीला दोन कप्पे असतील तर दुसऱ्या कप्प्यातही काठी घाला. पहिला कप्पा मोठा असतो, बहुतेक गाळ तिथे बसावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्यात हातभर काळं निघालं तर पहिला केव्हाच हरलेला आहे.

इथे लोक म्हणतात, 'पण आम्ही तर दर तीन वर्षांनी टाकी उपसतो.' तो आकडा कुठून आला ते विचारा. बहुतेक वेळा तो एका घराच्या टाकीचा असतो, जिथे चार-पाच माणसांना ऐसपैस टाकी बांधलेली असते. गावाच्या टाकीचं गणित करून बघू. समजा १५० माणसं, माणशी दिवसाला ७० लिटर सांडपाणी. रोजचे झाले १०,५०० लिटर. टाकी दीड दिवसाच्या पाण्याची, म्हणजे सुमारे १६ घनमीटर. माणशी वर्षाला अंदाजे ४० लिटर गाळ जमतो; १५० माणसांचा ६ घनमीटर. टाकीच्या एक तृतीयांश म्हणजे ५.३ घनमीटर. वर्ष पुरं व्हायच्या आतच मर्यादा ओलांडली! दुसऱ्या वर्षाअखेर तळचा गाळ थोडा दबला तरी १० घनमीटर धरा. मग पाण्याला उरली ६ घनमीटर जागा. सरासरी प्रवाहाला ते १३-१४ तास, पण सकाळी प्रवाह तिप्पट होतो तेव्हा साडेचार तास. त्यात तळातून गॅसचे बुडबुडे गाळ उचलत असतात. तीन वर्षांच्या वेळापत्रकात तिसरं वर्ष पूर्णपणे वाफ्याच्या डोक्यावर असतं, आणि 'दर काही महिन्यांनी' येणारी तुंबण तिथूनच येते.

आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतील. उष्ण हवेत गाळ जास्त पचतो, थंडीत कमी. पण वेळापत्रक काठीवरून ठरवा, कॅलेंडरवरून नको.

जाता जाता: टाकीत टाकायच्या 'जिवाणू पावडरी' मिळतात, त्या टाकल्या की उपसायची गरज उरत नाही असं सांगतात. मैल्यात जिवाणू मुळातच अब्जांनी असतात, त्यात पुडीभर आणखी टाकून तळचा गाळ नाहीसा होत नाही. काही रसायनं तर गाळ सैल करून वर आणतात, म्हणजे टाकी साफ झाल्यासारखी दिसते आणि गाळ वाफ्यात जाऊन बसतो.

टाकी उपसलेली असूनही गाळ पुढे येतोय

काठी चांगली सांगते आणि बाटली वाईट, असं झालं तर आउटलेटचा टी, म्हणजे इंग्रजी T अक्षरासारखा पाइपाचा जोड, बघा. टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून एक टी असतो. त्याची खालची नळी सायीच्या खाली आणि गाळाच्या वर, पाण्याच्या मधल्या स्वच्छ भागात उघडते. साधारण पाण्याच्या खोलीच्या ४० टक्के खाली. हा टी निसटून तळाशी पडलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता झाकण उघडल्यावर पहिली नजर तिकडेच जाते. उपसणाऱ्याच्या नळीचा धक्का लागतो, सांधा सुटतो, कुणाला पत्ता नसतो. टी नसला की साय सरळ पाइपात शिरते, आणि सायीत तेल-तूप आणि साबणाचा चोथा असल्याने खडीवर ती सगळ्यात वाईट बसते. टीमध्ये घालायची गाळणी मिळते, ती बसवली तर फारच छान. फक्त ती धुवायला कुणाचं तरी नाव लागलेलं हवं, नाहीतर तीच तुंबून मागे घरांत पाणी चढतं. गाळणी धुतलेलं पाणी टाकीच्या इनलेटच्या बाजूलाच ओता.

मग पाऊस. तुंबण नेमकी पावसानंतर दिसत असेल तर छपरांचे पन्हाळ कुठे सोडलेत ते शोधा. १०० चौरस मीटर छपरावर तासात २० मिलिमीटर पाऊस पडला की २,००० लिटर पाणी होतं. अशी पाच छपरं मैलावाहिनीला जोडलेली असली की तासाभरात १०,००० लिटर, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गावाचं दिवसभराचं सांडपाणी, टाकीतून धावत सुटतं आणि वर्षभर जमलेला गाळ खरवडून वाफ्यात नेऊन टाकतं. अशा एका सरीत वाफ्याचं सहा महिन्यांचं नुकसान होतं. पन्हाळ कुणाकुणाचे जोडलेत हे विचारून कुणी सांगत नाही. पाऊस चालू असताना छत्री घेऊन एकेक चेंबरचं झाकण उचला, ज्या फाट्यातून स्वच्छ पाणी धो-धो येतंय तो फाटा धरून मागे जा. अंगणातल्या पाण्याने भरणारी खोलगट जागेतली झाकणंही याच वेळी दिसतात.

पाऊस नसताना चोरपाणी येतंय का, याची परीक्षा मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान. त्या वेळी लहान गावात सांडपाणी जवळजवळ थांबलेलं असतं. टाकीच्या इनलेटला १० लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. बादली मिनिटभरात भरली तर हिशोब करा: दिवसाला १४,४०० लिटर, म्हणजे त्या १५० माणसांच्या सगळ्या सांडपाण्यापेक्षा जास्त. बारा महिने येत असेल तर कुठेतरी नळ किंवा फ्लशची टाकी गळतेय. जमिनीतलं पाणी वर आल्यावरच येत असेल तर पाइपाचे सांधे.

थंड प्रदेशात एक वेगळाच खेळ असतो. पाण्याचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात, हिवाळाभर गाळ न पचता साठतो, आणि हवा तापू लागली की एकदम सगळा आंबायला लागतो. गॅसने गाळाचे गोळेच्या गोळे वर येतात. तिथे हिवाळ्याच्या तोंडावर उपसलेलं बरं.

राहिलं ते नको तिथून येणारं पाणी. मोठं सामूहिक स्वयंपाकघर असेल तर त्याला टाकीच्या आधी स्वतंत्र तेल-सापळा हवाच, आणि तो आठवड्याला साफ करायला हवा. पण गावात खरा छुपा शत्रू दूध आहे. लोक दुधाला घाण मानत नाहीत. त्यामुळे नासलेलं दूध किंवा कॅन विसळलेलं पहिलं पाणी गटारात ओतताना कुणाला काही वाटत नाही. एक लिटर दूध सुमारे १०० ग्रॅम बीओडी घेऊन येतं, म्हणजे कुजताना पाण्यातला तेवढा ऑक्सिजन खाणारा माल. एका माणसाचं दिवसाचं सांडपाणी त्याच्या निम्म्याहून कमी, ४५ ग्रॅमच्या आसपास. २० लिटर दूध ओतलं की त्या दिवशी गावाची लोकसंख्या ४४ माणसांनी वाढली. वर त्यातली चरबी. कुठल्याशा ठरावीक वारी वाफा पांढरट होऊन आंबट वास मारत असेल तर वाहिनीच्या वरच्या अंगाला दुधाचा धंदा आहे का ते बघा.

वाफा बांधतानाच चुकला असेल तर

टाकी ठीक, टी ठीक, पाऊस बाहेर, तरी तोंडाशी तुंबतंच. मग वाफ्याची रुंदी मोजा. जितका लांब वाफा तितकं पाणी स्वच्छ, या समजुतीने पुष्कळ वाफे लांबट आणि अरुंद बांधलेले असतात. पण घाण सगळी पहिल्या काही मीटरमध्येच अडते, आणि तिथे पाण्याला शिरायला किती मोठं दार आहे यावर सगळं अवलंबून असतं. दार म्हणजे रुंदी गुणिले खोली. आडव्या प्रवाहाच्या वाफ्यासाठी वापरात असलेली मर्यादा अशी: दाराच्या दर चौरस मीटरला दिवसाला २५० ग्रॅम बीओडीपेक्षा जास्त नको. १५० माणसांची बीओडी दिवसाला पावणेसात किलो. टाकीत एक तृतीयांश गेली तर उरली साडेचार किलो. त्याला १८ चौरस मीटरचं दार हवं. पाणी अर्धा मीटर खोल असेल तर रुंदी ३६ मीटर! वाफा १० मीटर रुंद असेल तर दारावर ९०० ग्रॅमचा भार पडतोय, मर्यादेच्या साडेतीनपट. तो तुंबणारच, तुम्ही खडी दर आठवड्याला धुतलीत तरी.

यावर उपाय आहे आणि तो खडी धुण्यापेक्षा टिकाऊ आहे. लांब वाफ्याच्या मधोमध पाण्याची दुसरी वितरण नळी टाकून अर्धं पाणी तिथे सोडता येतं. दारं दोन झाली. जागा असेल तर शेजारी दुसरा वाफा बांधून आलटून-पालटून वापरणं सर्वांत चांगलं, कारण मग एकाला विश्रांती देता येते. पाणी पसरवणारी नळी रुंदीभर सारखं पाणी सोडते की एकाच भोकातून सगळं जातं, हेही बघा. ती आडव्या पातळीत नसेल तर वाफा १० मीटरचा असून काम दोनच मीटर करतात.

खडी बारीक असेल तर काय, असा प्रश्न येतो. सुरुवातीचा अर्धा मीटर ते मीटरभर ४० ते ८० मिलिमीटरचे गोटे हवेत, पुढे ८ ते १६ मिलिमीटरची किंवा त्याच्या आसपासची, धुतलेली खडी. माती नको. या मातीची एक गंमत आहे. पाणवनस्पतींनी सांडपाणी सुधारतं का, याचे प्रयोग जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ केटे झायडेल यांनी १९५०च्या दशकात सुरू केले. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी वाफ्यात सरळ माती भरायची पद्धत मांडली आणि १९७४ साली जर्मनीतल्याच ओटफ्रेझन या गावी तसा वाफा सुरू झाला. मुळं मातीत वाटा करतील आणि काही वर्षांत ती पाणी सहज जाऊ देईल, अशी कल्पना होती. मुळांनी ते काही मनावर घेतलं नाही. डेन्मार्कमध्ये १९८०च्या दशकात बांधलेल्या अशा अनेक वाफ्यांत पाणी मातीत न शिरता वरूनच वाहत राहिलं, आणि मग लोक खडीकडे वळले. एवढं होऊनही 'झाडांना बरं' म्हणून खडीवर मातीचा थर देणारे अजून भेटतात. पावसाने ती माती पोकळ्यांत उतरते. खडीतली पोकळी मुळात ३५ ते ४० टक्केच असते, ती मातीवर घालवायची चैन परवडत नाही.

आत्ता तुंबलेल्या वाफ्याचं काय करायचं

आधी टाकी उपसा, टी लावा, मग वाफ्याला हात लावा. हा क्रम उलटा झाला की वर्षभरात परत भेटू.

तुंबण अलीकडची असेल आणि दुसरा वाफा असेल तर या वाफ्याचं पाणी पूर्ण बंद करा, आउटलेटचा बेंड खाली करून खडी रिकामी होऊ द्या आणि कोरड्या दिवसांत काही आठवडे तशीच ठेवा. हवा शिरली की काळी साय सुकते, आकसते, कुजून जाते. पुष्कळदा खडीला हातही लावावा लागत नाही. झाडं मरतील अशी भीती असते. मुळं खोल असतील तर ती तगतात. दुसरा वाफा नसेल तर निदान पातळी १०-१५ सेंटिमीटर खाली घ्या, वरची कुजलेली पानं गोळा करून बाहेर काढा आणि बाटलीची परीक्षा सुधारते आहे का ते बघत राहा.

काळी चिकट राड आत खोलवर दगडासारखी बसली असेल, केस-धागे-वाळू असेल, तर विश्रांतीने ती जात नाही. मग पहिले दोन-तीन मीटर तळापर्यंत उपसावे लागतात. नुसती वरची वीतभर खडी धुण्यात अर्थ नाही, तुंबण खाली तशीच राहते. उपसताना तळाचं अस्तर फाडू नका. शेवटची वीत फावड्याने नाही, हाताने काढा. परत भरताना तोंडाशी मोठे गोटे घाला. धुतलेलं पाणी ओढ्यात न सोडता टाकीच्या इनलेटला, हळूहळू.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून वाफा मोकळा करता येतो, हे खरं आहे. पण ते भाजतं, झाडं जाळतं आणि कारण तसंच ठेवतं. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर अजिबात नको. वाफ्यात काम झाडं फारसं करत नाहीत, खडीवरचे जिवाणू करतात, आणि तुम्ही त्यांनाच मारता.

उपसा करताना

टाकीत उतरायचं नाही. दोरी बांधून नाही, 'दोनच मिनिटं' म्हणून नाही, पडलेला टी काढायलासुद्धा नाही; त्याला लांब आकडा वापरा. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू कमी असतो तेव्हा घाण वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि ५००च्या पुढे माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. आत कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, अशा दुर्घटना पुन्हा पुन्हा घडतात. झाकण उघडल्यावर बिडी-काडी नको, आत मिथेन असतो. झाकण उघडं टाकून चहाला जायचं नाही, लहान मुलं असतात.

गाळ मैला उपसणाऱ्या गाडीनेच काढा. तळाशी थोडा राहू द्या, पुढच्या पचनाला विरजण म्हणून तो उपयोगी पडतो. जमिनीतलं पाणी उथळ असेल तर टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका, हलकी झालेली टाकी खालून उचलली जाऊन सांधे तोडते. उपसल्यावर लगेच पाणी भरा. काढलेला गाळ कुठे जाणार हे गाडी बोलवायच्या आधी ठरलेलं हवं. जवळ प्रक्रिया केंद्र नसेल तर वाळूच्या वाळवण-वाफ्यावर वीतभर थर देऊन सुकवतात. सुकला म्हणजे निर्धोक झाला असं नाही, जंतांची अंडी त्यात महिनोन् महिने जिवंत राहतात. तो थेट भाजीच्या शेतात टाकू नका. नीट तापलेलं कंपोस्ट करून किंवा दीर्घकाळ साठवूनच वापरा.

उपसल्यानंतर आठवडाभराने बाटलीची परीक्षा पुन्हा करा. पहिले दोन-चार दिवस पाणी ढवळलेलं असतं, तेव्हा निष्कर्ष काढू नका. मग वाफ्यातल्या पहिल्या उभ्या पाइपातली पातळी दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. आमच्याकडे आता एवढंच चालतं: पहिल्या आणि मधल्या पाइपांच्या पातळीत पाच सेंटिमीटरचा फरक पडला की त्याच दिवशी टाकीत काठी जाते. तोवर वाफ्यावर डबकं आलेलं नसतं, वास नसतो आणि कुणाची तक्रारही नसते. खडी धुवायचं घमेलं गेली चार वर्षं शेडमध्ये उपडं पडलंय.